खरी भूक

स्वप्नाने सरांच्या पोटावरची मातीची पट्टी हलक्या हाताने सोडवली, ओल्या फडक्याने पोट पुसलं आणि म्हणाली, "सर, जीभ दाखवा."

डॉक्टर सदानंदांनी जीभ बाहेर काढली. पांढरट, जाड थर. मुळाशी पिवळा.

"अजून थर आहे."

"असणारच," सर म्हणाले. मग खिडकीकडे बघत, "स्वप्ना, पेज मिळेल का गं? मीठ घालून. थोडीशी."

तिला हसू आलं. चांदीप गावातल्या या निसर्गोपचार केंद्रात आयुष्यभर लोकांकडून उपवास करवून घेणारे सर पेज मागत होते. मोठ्या इस्पितळाने आता काही करण्यासारखं उरलेलं नाही असं सांगितल्यावर ते आपल्याच केंद्रात येऊन झोपले होते. पाण्यावरचा उपवास त्यांनी स्वतःच धरला होता. मी मागितलं तरी नियम मोडायचा नाही, असं तिला बजावलंही होतं. इतर कुणाला नाही, तिला.

"ही मनाची भूक, सर. तुम्हीच शिकवलंत."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. काहीतरी बोलणार असल्यासारखं.

"बरोबर," ते म्हणाले, आणि भिंतीकडे कूस वळवून पडून राहिले.

*

(वर्ग. काही वर्षांपूर्वी. फळ्याला टेकलेले सर, पाठीला खडू लागलेला.)

शरीर स्वतःला बरं करतं. आपण त्याच्या वाटेतून बाजूला व्हायचं, एवढंच आपलं काम.

ताप आला, घाबरू नका. जुलाब झाले, घाबरू नका. शरीर घर झाडतंय. धूळ उडणारच.

खरी भूक लागली की जीभ स्वच्छ होते. त्याआधी मागतात ती सवय असते. विनवतील. रडतील. शिव्या घालतील. तुम्ही विरघळलात की सगळं वाया.

काही शंका?

(कुणाचाही हात वर नाही.)

*

पहाटे सर गेले.

*

आठवड्याने व्हिन्सेंट भेटायला आला. अर्नाळ्याचा, जुना रुग्ण. सरांच्या पत्नी मीराकाकूंनी त्याला ओसरीवर बसवून कोकम सरबत दिलं. स्वप्नाही तिथेच बसली होती.

"मानूस कडक," व्हिन्सेंट म्हणाला. "पन मनाचा लई मोठा. मला पोरांच्या समोर बोलले, व्हिन्सेंट, तू फक्त तोंड बंद ठेव, पोट आपोआप सुधारंल. मी बोललो, सर, माजं तोंड बंद झालं तर बायको समजंल मी मेलो."

स्वप्ना हसली. तो प्रसंग तिला आठवत होता. तेव्हा ती शिकाऊ होती, वर्गातली सगळीच हसली होती.

"तुम्ही चांगला उपास केलात तेव्हा," ती म्हणाली.

"मी?" व्हिन्सेंटने काकूंकडे पाहिलं. "काकूंची पेज नसती तर मी तिसऱ्या दिशी पलालो असतो. मागल्या दारानं यायच्या. वर मला बोलायच्या, चमच्यानं जीभ खरवड रे बाबा, संध्याकाळी पोरं बघाया येतील."

"व्हिन्सेंट, सरबत घे," काकू म्हणाल्या.

"घेतो ना. खोटं बोलतो काय मी?"

"घे म्हटलं ना."

त्याने सरबत घेतलं. मग पावसाचं, बोटीचं, पोरीच्या लग्नाचं बोलला, आणि गेला.

स्वप्नाने आपला भरलेला पेला खाली ठेवला.

"सगळ्यांना, काकू?"

"मागायचे त्यांना. सगळे कुठे मागतात." काकूंनी पदराने पाट पुसला. पाट स्वच्छच होता. "हेच पाठवायचे मला. म्हणायचे, तोंड उघडून मागतो त्याला नाही म्हणू नये."

"आम्हाला कधी बोलले नाहीत."

"पोरांना आधी नियम तर येऊ दे, म्हणायचे. बाकीचं मग सांगीन."

"मग?"

"मग काय. तू शिकलीस, इथेच राहिलीस, कामाला लागलीस. तुझं बघून यांना इतकं बरं वाटायचं." काकू थांबल्या. "राहून गेलं."

कुंपणापलीकडे कुणीतरी बैल हाकत होतं. त्याचा आवाज हळूहळू दूर गेला.

"त्या दिवशी..." स्वप्नाने सुरुवात केली.

"केली होती," काकू म्हणाल्या. "मला न सांगता कळलं होतं. पातळ केली होती, गाळून. मागच्या दाराशी आले तर तू आत. त्यांचे पाय चेपत होतीस. किती जपून." त्यांचा आवाज अगदी साधा होता, त्यात तक्रार नव्हती. "माघारी गेले. म्हटलं, दिवेलागणीला ही निघेलच घरी. मग देऊ."

रोज त्या वेळेला स्वप्ना स्कूटर काढायची, आणि गोखिवऱ्यावरून एव्हरशाईन सिटीतल्या आपल्या फ्लॅटवर जायची. तोवर एकही दिवस चुकला नव्हता.

"काकू, मी त्या दिवशी गेलेच नाही. म्हटलं, सरांना एकटं सोडू नये."

"हो ना," काकू म्हणाल्या. "दोनदा गरम केली मी."

त्यांनी व्हिन्सेंटचा रिकामा पेला उचलला, स्वप्नाचा भरलेला तसाच राहू दिला, आणि आत गेल्या.