चाळीस, ऐंशी, साठ

सासऱ्यांचं काचेचं दुकान होतं. खिडक्यांची तावदानं, आरसे, दारावरच्या रंगीत काचा. चार वर्षांपासून सूनही त्यांच्या हाताखाली काम करत होती. तिचा हात चांगला बसला होता, पण मापं सगळी सासऱ्यांकडे. वहीत ते नुसते कोन लिहायचे, आणि तेही कोड्यात. शेजारच्या दुकानदाराने वही उघडलीच तर त्याचं डोकं फिरावं म्हणून. बाजूची लांबी लिहायचेच नाहीत. "ती इथे असते," म्हणत कपाळावर बोट ठेवायचे.

एका बाईंनी तडा गेलेली निळी त्रिकोणी काच आणून दिली होती. त्यांचं माहेरचं घर पाडलं गेलं, दारावरची तेवढी काच उरली. तशीच नवी हवी होती. सासऱ्यांनी माप घेतलं, वहीत टिपलं, आणि काच हातात असतानाच ते कोसळले. माणसं धावत आत आली. कुणाच्या पायात घुसायला नको म्हणून सुनेने जमिनीवरचं सगळं भराभर लोटून पिंपात भरलं. संध्याकाळी पिंप कचरागाडीत रिकामं झालं. त्या काचेची आठवण तिला दुसऱ्या दिवशी दवाखान्यात झाली.

तीन आठवड्यांनी सासरे घरी आले. बोलण्यात एकच शब्द उरला होता: "बरोबर."

सुनेने वही उघडली. 'पहिला क्ष. दुसरा त्याच्या दुप्पट. तिसरा पहिल्यापेक्षा वीसने जास्त.'

शाळा सुटून बारा वर्षं झाली होती, तरी त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज एकशे ऐंशी एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. तिने मांडलं: क्ष, दोन क्ष, क्ष अधिक वीस. सगळे मिळून चार क्ष अधिक वीस. वीस वजा केले, एकशे साठ उरले. क्ष म्हणजे चाळीस.

चाळीस, ऐंशी, साठ. ती खुर्चीतून उठलीच. "बाबा, जमलं की!"

"बरोबर," सासरे म्हणाले.

तिने कोनमापक घेऊन कागदावर त्रिकोण काढला. मग शेजारी दुसरा, त्याहून मोठा. कोन तेच. तिसरा वीतभर, चौथा हातभर, कोन तेच. तिचा चेहरा उतरला. एक तरी बाजू कळल्याशिवाय काच कापायची कशी?

तिने चारही त्रिकोण कापून पलंगावर ठेवले. "बाबा, यातला कुठला?"

"बरोबर."

"हा?"

"बरोबर."

"आणि हा? नीट बघा ना."

"बरोबर, बरोबर." त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. डाव्या हाताने ते कपाळावर मारून घेऊ लागले. तिने तो हात धरून ठेवला.

शुक्रवारी बाई आल्या. सुनेने काही लपवलं नाही. झाडलं आपणच, हेही सांगितलं. बाईंनी दोन्ही हात फाकवून दाखवले. "एवढी असेल." थोडे जवळ आणले. "की एवढी? लहानपणी खूप मोठी वाटायची हो."

सुनेने चारही कागदी त्रिकोण पुढे मांडले. "यातली कुठलीही सांगा, मी उद्याच कापते."

"कुठलीही कशी चालेल?"

बाईंनी एक कागद उचलला, उलटसुलट पाहिला, परत ठेवला. "राहू दे," म्हणाल्या आणि पायऱ्या उतरून गेल्या.

सुनेने निळ्या काचेचा अख्खा तक्ता पुन्हा कप्प्यात सरकवला आणि सासऱ्यांना औषध द्यायला आत गेली.