आरशातली मोटारसायकल

मित्रांनो, मी एक जुनी बस आहे, आणि आधीच सांगून ठेवते, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. नवी होते तेव्हा लोक मला हार घालायचे. बारा वर्षं खड्डे सोसले, मग मला धुवायचंही कुणाला आठवेना. यंदा अचानक रंग दिला आणि धरणगाव-जळगाव नोकरदारांच्या फेरीवर लावलं. एवढे लाड कशाला? म्हटलं, यात काहीतरी काळंबेरं आहे. तेवढ्यात डेपोचे साहेब ड्रायव्हरला म्हणाले, "महिनाभरात सीटा भरल्या नाहीत, तर ही भंगारात."

तिसऱ्याच दिवशी आरशात एक मोटारसायकल दिसली. मी हळू झाले की तीही हळू. मी थांबले की तीही थांबे. मागची सीट रिकामी, हँडलला एक जादा हेल्मेट. ठरलं! हा साहेबांचाच माणूस, माझ्या रिकाम्या सीटा मोजतोय. असा संताप आला म्हणून सांगू! एकदा मुद्दाम त्याच्या तोंडावर धूर सोडला.

परवा पाळधीजवळ तो आरशातून गायब झाला. मी मनातून खूश. तोच आत बसलेली, रोज नोकरीला जाणारी कामिनी ओरडली, "मॅडम, थांबवा! माझे आबा मागे राहिले!"

कंडक्टर सुलक्षणाने बेल मारली. हिलाल आबा पंक्चर गाडी ढकलत आले, ती दुकानात ठेवली आणि माझ्यात चढले.

"आबा, जळगावच्या डाळमिलमध्येच जाता ना तुम्ही? मग बसमागे एकटे गाडीवर कशाला?" सुलक्षणाने विचारलं.

"पोरले बसच आवडस, पन वाटमा हाई बंद पडनी तं तिनी नवी नोकरी जाई ना, बाई! म्हनीसन मांगे येस."

अगं बाई! म्हणजे मी वाटेत बंद पडेन, असा तोही माझ्यावरच संशय घेत होता, आणि ते जादा हेल्मेट कामिनीसाठी होतं. मला त्या धुराची फार लाज वाटली.

काल सकाळी आरसा मोकळा होता. आबा आत, कामिनीशेजारी बसले होते. मोटारसायकल घरी, पण दोन्ही हेल्मेटं मांडीवर!

मित्रांनो, महिना संपायला सहा दिवस उरलेत आणि माझ्या नऊ सीटा अजून रिकाम्या आहेत. धूर मीही सोडते, नाकारत नाही. पण तुम्ही सगळे एकेकटे गाड्या काढता तेव्हा किती होतो, ते रस्त्याकडेच्या कापसाला विचारा. मला पुसत जा, माझं तेलपाणी बघा. संशय घ्यायचाच असेल तर खुशाल घ्या, फक्त आत बसून घ्या.