बाराव्या स्थानावर रत्नाबाई

अर्धांगाचा झटका येऊन गेला आणि रत्नाबाईच्या जिभेवर एकच शब्द उरला. आलेलुया.

डॉक्टर म्हणाले, होतं असं, कुणाकुणाची तर शिवीच उरते. शेजारची ठमी तोंडावर पदर धरून हसली, "मंग बरा झाला, काका. शिवी उरली असती ना, तं पयली माज्याच दारात पडली असती."

तिच्या नवऱ्यानं, झुंबरनं, त्या एका शब्दात अख्खा संसार बसवला.

आखूड, शेवटी वर चढणारा : पाणी.
लांब, कुरकुरता : कूस बदला.
दोनदा, घाईघाईनं : संडास.
हळू, डोळे मिटून : काही नको. नुसतंच बोलणं.

मग राखेचा बुधवार आला, उपवासकाळाचा पहिला दिवस.

ईस्टरआधीच्या या चाळीस दिवसांत चर्चमध्ये आलेलुया म्हणत नाहीत. आनंदाचा शब्द तो. पुनरुत्थानाच्या रात्रीपर्यंत गिळून ठेवायचा. आणि बोईसरच्या त्या लहानशा चर्चला ही शिस्त लावली कुणी? झुंबरनंच. शेवगाव सोडून तारापूरच्या कारखान्यात आला, तेव्हापासून गायनमंडळ त्याच्याच हाती. नव्या पोरांना दम भरायचा, "चुकून जरी तोंडातून निघाला, तर ढोलकी काढून घेईन."

फादरांनी रत्नाबाईच्या कपाळाला राख लावली.

"आलेलुया," ती म्हणाली.

फादर हसले. मागच्या बाकांवर खसखस पिकली. झुंबरनं मान खाली घातली ती मिस्सा संपेपर्यंत वर केली नाही.

शुक्रवारी ठमीच्या खोलीत बायबल अभ्यास होता. चटया, बिनदुधाचा चहा, वाळवंटातला येशू. प्रियदर्शिनी टीचर शिकवत होत्या.

"सैतान म्हणाला, दगडांच्या भाकरी कर. येशूनं काय उत्तर दिलं?"

"आलेलुया!"

पोरं लोळायची बाकी राहिली. एकटा झुंबर धडपडत उठला. तो चढता शब्द त्याला कळला होता. तिला पाणी हवं होतं.

निघताना टीचरांनी त्याला दाराशी गाठलं. "काका, राग मानू नका. काकूंना ईस्टरपर्यंत घरीच ठेवलं तर? मुलांचं लक्ष उडतं."

"तिच्याकडं दुसरा सबूद हाय का, टीचर?" ठमी आतून म्हणाली. "नायतं तुमी द्या एखादा."

झुंबरनं ठमीची बाजू घ्यायला हवी होती. घेतली नाही. टीचरांच्या तोंडून त्याला स्वतःचाच आवाज ऐकू येत होता.

तरी पुढच्या शुक्रवारी क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनाफेरीला त्यानं तिला नेलं. एवढी वर्षं तिनं एकही वाट चुकवली नव्हती. वसाहतीमागचा कच्चा रस्ता, पुढं लाकडी क्रूस, मागं माणसं, सगळ्यांच्या मागं चाकांची खुर्ची ढकलणारा झुंबर. येशूच्या मरणवाटेची चौदा स्थानं; एकेकाशी थांबायचं, प्रार्थना, पुढं. खुर्ची खड्ड्यात अडकायची, तो हिसका मारायचा. ती गप्प होती. त्याला वाटलं, कळतंय हिला. देवाची कृपा.

बारावं स्थान : येशू क्रुसावर प्राण सोडतो

सगळे गुडघ्यांवर. इथं कुणी बोलत नाही. कारखान्यांची घरघर तेवढी

"आलेलुया!"

मोठ्यानं. पुन्हा. पुन्हा. कुठल्याच चालीत न बसणारा. आखूड नाही, लांब नाही, त्याला अर्थ लावता येईना. पोरं फिसकन हसली. टीचरांनी वळून पाहिलं. सगळ्यांनी वळून पाहिलं.

झुंबरनं तळहात तिच्या तोंडावर दाबला.

हाताखाली ओठ हलत होते. शब्द आत धडकत होता. मग थांबला.

तेरावं स्थान : येशूला क्रुसावरून खाली उतरवतात

या स्थानाला ती दोघं तिथं नव्हती. झुंबर तिला घेऊन घरी आला होता. खुर्चीवरून उचलताना त्याला दिसलं. तिचा चांगला पाय खुर्चीची पाय टेकायची पट्टी सोडून खाली घसरला होता, पुढच्या चाकात अडकला होता. घोटा सोलून निघाला होता. चप्पल रक्तानं चिकटली होती.

तो त्या पायाशी बसला.

"दुखत होतं व्हय गं?"

ती भिंतीकडं बघत राहिली.

चौदावं

"पाणी देऊ?"

तिची मान भिंतीकडंच.

"च्या टाकू? कूस बदलू? रत्ना, बोल की. म्हण. मी सांगतो ना, म्हण. कोण काय म्हणतंय बघतो मी."

शेवटी त्यानंच म्हणून दाखवलं. उपवासकाळात, दार उघडं, रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्यानं. आलेलुया? आलेलुऽया. आलेलुया-आलेलुया. पाण्याची चाल, कुशीची चाल, सगळ्या. कितीतरी वेळ. तिनं एकदा त्याच्याकडं पाहिलं. परक्या मुलखातला कुणी माणूस काहीतरी विचारतोय आणि आपल्याला त्याची भाषा येत नाही, तसं.

सकाळी अंथरूण ओलं होतं. तिनं हाक मारली नव्हती.