घरचे सूंस

ढुंढिराजकाकांच्या मोजणीबद्दल ब्रह्मा घाटावर कुणाचं दुमत नव्हतं. श्राद्धाला किती पानं लागणार, ते काका दारात उभे राहून नुसत्या नजरेनं सांगत. त्यांची पुतणी हिमानी विद्यापीठात गंगेतल्या सूंसांवर, म्हणजे आपल्या नदीतल्या डॉल्फिनांवर, संशोधन करायची. पंच्याण्णव साली माघातच तिनं काविळीनं अंथरूण धरलं, तेव्हा वही काकांच्या हाती आली. "सकाळची संध्या आटोपली की तासभर बसायचं, किती दिसले ते लिहायचं. बस!" तिनं बजावलं.

सूंस बारा महिने इथेच राहतात, की येऊन-जाऊन असतात, एवढाच तिचा प्रश्न. आकडा वर्षभर टिकला तर प्रबंध उभा राहणार होता.

वैशाखात ती उठून बसली आणि वही उघडून पाहते तो काय! माघात रोज सात. त्याआधी तिनं स्वतः मोजलेलेही सातच. आणि फाल्गुनापासून रोज सहा.

"गेला एक! जाळ्यात सापडला असणार," म्हणत ती ढसाढसा रडायला लागली. प्रबंध गेला चुलीत. त्या मुक्या जिवासाठीच रडत होती पोर.

काकांच्यानं ते बघवेना. "रडू नको गं. सगळे धडधाकट आहेत. मीच एक कमी लिहिला."

"कमी? का?"

"अगं, घरची माणसं कुणी पुरती मोजतं का? एक कमीच सांगायचा, नाहीतर दृष्ट लागते."

हिमानीचा पारा चढला. "हद्द करता तुम्ही, काका! एवढी मेहनत पाण्यात! आणि माघात बरे सातच्या सात लिहिलेत?"

"तेव्हा कुठे ओळख होती?" काका ओशाळले. "फाल्गुनात त्याच सातांतली थोरली मादी आणि तिचं पिल्लू रोज अर्घ्याच्या वेळी समोर यायला लागली. मग ती सगळी परकी कशी म्हणायची?"

तिला राग धरवेना, पण नुसत्या शब्दावर विश्वासही ठेववेना. काकांना घेऊन ती तशीच घाट उतरली आणि नाव सोडायला लावली. काका प्रवाहाकडे पाठ, घाटाकडे तोंड करून बसले. न जाणो, नजर पडायची आणि मन मोजायला लागायचं.

दीड तास गेला. पाण्यात काळी पाठ उलटायची, फुस्सकन श्वास ऐकू यायचा, हिमानी टिपून घ्यायची. सहा झाले. मग बराच वेळ काहीच नाही.

तेवढ्यात मादीला खेटून एक इवलीशी चोच वर आली.

"किती गं?" काकांनी मागे न बघता विचारलं.

हिमानीनं वहीत ठसठशीत सात लिहिला आणि डोळे पुसले.

"सगळे आहेत, काका," ती म्हणाली.