क्लाराबायकडचं खरकटं

सत्त्याहत्तर साली ईस्टरनंतर वसईत डुकरांना ताप आला. होळी गावात चार घरची डुकरं पटापट मेली. विरारहून गुरांचे डॉक्टर आले आणि घरोघर बजावून गेले, "बाहेरचं उष्टं-खरकटं डुकरांना घालू नका. त्यातून रोग येतो."

मटिल्डाने ते कान देऊन ऐकलं. मे महिन्यात तिच्या लिडियाचं लग्न होतं. मांडवात रांधायचा डुक्कर तिने वर्षभर स्वतःच्या हाताने पोसला होता. शिवाय डुकरीण गाभण होती.

आणि चारच दिवसांनी थोरली नणंद क्लाराबाय दारात हजर! आदल्या दिवशी तिच्या मुलाचं लग्न झालेलं; त्या गडबडीत डॉक्टरांचं बोलणं तिने कानाआड केलं होतं. लग्नाचं खरकटं तिने टोपभर आणलं होतं.

"आमच्या डुकरांनी सकाळीच खाल्लं. हे तुझ्यांना."

ते परत पाठवणं म्हणजे नणंदेलाच दारातून घालवणं. क्लाराबायचा राग काही ऐरागैरा नव्हता. लोणच्याच्या एका बरणीवरून ती सख्ख्या भावाशी, म्हणजे मटिल्डाच्या दिराशी, सहा वर्षं बोलली नव्हती. आणि लग्नाची गाणी म्हणायला सगळ्या गोतात तिच्यासारखा गळा कुणाचा होता?

मटिल्डाने टोप हसत घेतला. क्लाराबाय वळताच तिने केळीच्या वाडीत कमरेएवढा खड्डा खणला, सगळं पुरलं आणि वर चुना टाकला. संध्याकाळी टोप उकळत्या पाण्याने धुऊन परत दिला.

"चाटूनपुसून खाल्लं हो!"

शनिवारी चर्चमध्ये फादरांपुढे कन्फेशनमध्ये या खोट्याची कबुली देऊन ती मोकळी झाली.

दहा दिवसांनी क्लाराबायची दोन्ही डुकरं गेली. ती रडत आली, पण डॉक्टरांनी तंबी दिल्यामुळे कुंपणाबाहेरच थांबली. आत डुकरीण सात पिल्लांना पाजत पडली होती.

"तेच खरकटं तुझ्यांनी खाल्लं ना? मग माझीच कशी मेली?"

मटिल्डाला भयंकर वाईट वाटलं. त्या रडव्या तोंडापुढे तिला दुसरं खोटं बोलवेना.

"क्लाराबाय, मी ते पुरलं."

"मग तेव्हाच तोंडावर का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर लिडियाच्या लग्नाला आली असतीस?"

क्लाराबायने पदराने नाक पुसलं आणि प्रामाणिकपणे विचार केला.

"नसते आले," ती म्हणाली, आणि रडता रडता तिला हसू फुटलं. "आता येईन. पण दूध सुटलं की त्यातलं एक पिल्लू माझं. ते कानावर ठिपका असलेलं."