अलकनंदाची खरवड

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कढई आहे. दोन कान, जाड बूड, रंग काळाकुळकुळीत. जुन्या भांड्यांनी तुमच्याशी जरा रडवेलं, गोड बोलावं अशी पद्धत आहे म्हणे. मला ते जमायचं नाही. मी रागावलेली आहे, आणि का ते तुम्ही आधी ऐकून घ्या.

झाशीला सिपरी बाजारच्या रस्त्याकडेला लोहपीटे, म्हणजे भटके लोहार, पाल ठोकून राहतात, तिथे माझा जन्म झाला. लोहारबुवा सांडशीत तापलेलं लोखंड धरून बसला होता आणि घण त्याची बायको मारत होती, पोटुशी असून. गिऱ्हाईक आलं की बोलायला मात्र बुवा पुढे. माझा पहिला राग तिथलाच आहे.

यमुनाबाईंनी मला उलटीपालटी करून पाहिलं, टिचकी मारली आणि झाशीतल्याच नगरा मोहल्ल्यातल्या घरी आणलं. त्यांचे यजमान अनंतराव रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते, मूळचे भुसावळचे. यमुनाबाईंचे स्वयंपाकघरात दोन नियम होते. लोखंडाचं भांडं भिजत ठेवायचं नाही, धुतलं की पुसून तेलाचा हात फिरवायचा. आणि रांधताना चाखायचं नाही, उष्टं होतं. पहिल्या नियमाने मी जगले. मला पाण्याचा भारी तिटकारा आहे, एक रात्र भिजत पडले तर सकाळी अंगावर गंज उठतो. दुसऱ्या नियमाने काय केलं ते पुढे सांगते.

माझ्यात वीस वर्षं वांगी परतली, झुणका घोटला, दिवाळीच्या चकल्या तळल्या. मग यमुनाबाईंचा मुलगा मिलिंद सरकारी कंपनीत इंजिनिअर झाला, त्याचं लग्न झालं आणि अलकनंदा या घरात आली. त्यांची मुलगी शमिका चार वर्षांची असताना स्टेशन रोडच्या ठेल्यावरचं चाऊमीन खाऊन आली आणि घरी तेच हवं म्हणून भोकाड पसरून बसली. अलकनंदा दुसऱ्या दिवशी ठेल्यापाशी अर्धा तास उभी राहिली. त्या भैयाचे हात कसे चालतात ते तिने नीट पाहून घेतलं आणि घरी येऊन मला चुलीवर चढवलं.

खरं सांगते, तिच्यासारखं चाऊमीन मी कोणाच्या हातचं पाहिलं नाही. नूडल्स किंचित कच्च्याच उतरवायच्या, चाळणीत ओतून वरून गार पाणी, मग तेल चोळायचं. कोबी, गाजर, सिमला मिरची काडीसारखी बारीक. जवळच्या बरुआसागरचं आलं आणि लसूण ठेचून. मग मला धूर येईपर्यंत तापवायची, आणि पुढचं सगळं दोन मिनिटांत. भाजी, नूडल्स, मीठ, सोया सॉस, थोडं व्हिनेगर, भराभर हलवलं की झालं. पण घरच्या गॅसची आच ती केवढी! एका वेळी दोनच प्लेटा होतात. जास्त घातलं की लगदा. आणि चाऊमीन थांबत नाही, उतरलं की तोंडात जायला हवं.

म्हणून सगळे गरम गरम खायचे आणि ती उभी राहून पुढचा घाणा काढायची. आधी अनंतराव आणि यमुनाबाई, मग मिलिंद आणि शमिका, मग ज्यांना आणखी हवं ते. सगळ्यांना आणखी हवंच असायचं.

चाऊमीनच्या पहिल्या वर्षीच एकदा मिलिंदचे मित्र जेवायला आले आणि सगळं संपलं. यमुनाबाई आत आल्या, माझ्यात डोकावल्या. तळाला धरलेला करपट थर, म्हणजे खरवड, तेवढी उरली होती. त्यांनी विचारलं, "तुला काय राहिलं गं?" अलकनंदा म्हणाली, "मला खरवडच आवडते, आई." पाहुण्यांसमोर सासूला ओशाळं वाटू नये म्हणून म्हणाली. मी ऐकत होते. खोटं कसं वाजतं ते मला कळतं.

झालं! घराने ते एक वाक्य धरून ठेवलं. आमच्या हिला खरवडच लागते, असं मिलिंद गणपतीच्या प्रसादाच्या जेवणात मंडळातल्या चार लोकांना सांगायचा. "मम्मी की खुरचन" म्हणून शमिकाच्या मैत्रिणींनाही ठाऊक. बारा वर्षं, मित्रांनो! बारा वर्षं ती बाई सिंकपाशी उभी राहून उलथन्याने माझं बूड खरवडून खात होती आणि बाहेर बसलेल्यांना वाटत होतं की तिची चैन चालली आहे.

आणि वर हे पाहा. अनंतराव दर वेळी प्लेटीत वरून मीठ घेत. मिलिंदही घेई, शमिकाही. हिच्या हाताला मिठाचा अंदाज नाही, असं तिच्या पाठीमागे बोलणं चाले. तोंडावर कोणी काही बोललं नाही, सगळे मूग गिळून बसले. का, तर बिचारीला वाईट वाटेल!

मध्ये एक नॉनस्टिक कढई आली. गुळगुळीत, नाजूक, स्टीलचा चमचा लागला की तिचे पापुद्रे निघायचे. मला माळ्यावर टाकलं. तिच्यात काही धरतच नाही, म्हणजे खरवडही नाही, म्हणजे त्या वर्षभर अलकनंदाच्या वाट्याला तेवढंही नाही. एक दिवस मिलिंदला आठवण झाली. अरेरे, हिची खरवड बंद झाली की, म्हणाला, आणि स्वतः स्टुलावर चढून मला खाली काढलं. मी परत आले ती त्या खोट्याच्या जिवावर. तुम्हीच सांगा, मी आनंद कोणत्या तोंडाने मानायचा?

गेल्या महिन्यात अलकनंदाचा वाढदिवस होता. आज तू स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, चाऊमीन आम्ही करणार, असं बापलेकीने जाहीर केलं. तिला बाहेर खुर्चीत बसवलं. मला वाटलं, आता तरी! आज हिच्या हातात पहिली प्लेट जाणार.

पहिला घाणा अनंतराव आणि यमुनाबाईंना गेला, अनंतरावांना गोळीची वेळ पाळावी लागते म्हणून. दुसरा बापलेकीने उभ्याउभ्या चाखता चाखता संपवला. तिसरा घाणा माझ्यात पडला, आणि मिलिंद म्हणाला, "आता हलवू नकोस. चांगली खरवड धरू दे, गॅस मोठा कर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुद्दाम करपवलं हो, मुद्दाम! प्रेमाने! वरचं मऊ मऊ दुसऱ्या ताटलीत काढून बाहेर आजोबांना पाठवलं, आणि तळाचं काळंकुट्ट शमिकाने काचेच्या प्लेटीत रचलं. वर टोमॅटोचं फूल ठेवलं, आणि दोघं ते मिरवत घेऊन गेले. मला गॅसवरून दिवाणखाना दिसतो.

अलकनंदाने प्लेट मांडीवर घेतली. सगळे कौतुकाने बघत होते. तिने काटा उचलला, तो तसाच खाली ठेवला आणि म्हणाली, "मला खरवड आवडत नाही."

मिलिंद हसला, त्याला थट्टा वाटली.

"कधीच आवडली नाही," ती म्हणाली.

अनंतरावांनी विचारलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस. हा प्रश्न मी चांगला ओळखते. गुन्हा एकाचा आणि जाब दुसऱ्याला. पण तेवढ्यात यमुनाबाई बोलल्या.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "त्या दिवशीच कळलं होतं. खरं मानलं, कारण मला ते सोयीचं होतं."

अलकनंदा उठून आत आली. तिने मला गरम पाण्याने घासलं, कोरडं केलं. डब्यात नूडल्सची एक वडी उरली होती, ती उकडली. शमिका मदतीला आली, तर तिला म्हणाली, बस तिकडे. मी इतकी तापले की खिडकी धुराने भरली. दोन मिनिटं, एक प्लेट. ती टेबलाशी बसली आणि सगळ्यांच्या देखत, तोंड भाजत, फुंकर मारत, पहिला घास तिने खाल्ला.

"कैसी लगी, मम्मी?" शमिकाने भीत भीत विचारलं.

अलकनंदा चावत राहिली. मग म्हणाली, "मीठ कमी आहे."

मीठ आणि सॉस खाली उतरतात, तळाशी जमतात. चाखायची घरात मनाई. बारा वर्षं तिने मिठाचा अंदाज खरवडीवरून बांधला होता. मिलिंदने मिठाची डबी तिच्यापुढे सरकवली आणि मान खाली घातली. तिने मीठ घेतलं आणि प्लेट संपवली.

तर मित्रांनो, मला तेल लावा, पुसून ठेवा, असं सांगायला मी आलेले नाही. मी लोखंड आहे, माझं मी बघून घेईन. तुमच्या घरात जो कोणी चुलीपाशी उभा असतो, त्याला पहिली प्लेट द्या. आपल्याला उरलंसुरलंच आवडतं असं तो म्हणाला, तर विश्वास ठेवू नका. जे ऐकायला सोयीचं वाटतं, ते पुन्हा एकदा विचारा.

काल पुन्हा चाऊमीन झालं. अलकनंदा पहिली प्लेट घेऊन बाहेर बसली होती, घाणे शमिका काढत होती. शेवटी सगळं संपलं. अलकनंदाने बाहेरूनच विचारलं, तुला काय राहिलं गं? शमिका उलथनं घेऊन माझ्यावर वाकली होती. म्हणाली, "चालेल मम्मी, मुझे तो खुरचन ही अच्छी लगती है."

अलकनंदा हातातली प्लेट घेऊन आत आली. अर्धी भरलेली होती, ती तिने शमिकाच्या हातात दिली. उलथनं काढून घेतलं, मला उचलून सिंकमध्ये ठेवलं आणि वरून नळ सोडला. खरवडीसकट मी काठोकाठ भरले. रात्रभर तशीच भिजत पडले, सकाळी अंगावर गंज होता. मी हूं की चूं केलं नाही.