चार शब्दांचं काम

क्रेनवाल्याला आपल्या कानांचा भारी अभिमान होता. उंचावरच्या केबिनमधून त्याला इमारतीची मागची बाजू दिसत नसे. तिथे खाली त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, उभा राहून फोनवर चारच शब्द बोलायचा: वर, खाली, लांब, थांब. सहा वर्षं त्या चार शब्दांवर दोघांचं बिनबोभाट चाललं होतं. "दुसऱ्या कुणाचा आवाज माझ्या कानात बसतच नाही," असं क्रेनवाला ऐटीत सांगायचा.

त्या दिवशी सकाळी मेहुण्याने दाढ काढून घेतली होती. गाल टम्म फुगलेला, जीभ बधिर. "दाजी, आज दुसरा माणूस घ्या," तो कसाबसा म्हणाला. क्रेनवाल्याने त्याला उडवून लावलं.

"अरे, चार शब्द तर बोलायचेत. भाषण थोडंच ठोकायचंय तुला?"

मेहुणा बिचारा मुकाट्याने मागे गेला. दाजींचा शब्द त्याने कधी मोडला नव्हता.

अकराच्या सुमाराला सळ्यांचा भारा हवेत होता. फोनवर आवाज आला, "लांब." क्रेनवाल्याने भारा पुढे सरकवला. "लांब, दाजी, लांब!" काय घाई आहे याला, असं पुटपुटत त्याने तो आणखी रेटला. त्यानंतर फोनमधून जे ऐकू आलं, तो कुठलाच शब्द नव्हता.

दुपारी तो हॉस्पिटलच्या बाकावर बायकोशेजारी बसला होता. भाऱ्याने मेहुण्याला भिंतीशी चेपलं होतं, आत ऑपरेशन चालू होतं. फोनमध्ये सगळं रेकॉर्ड झालं होतं. साइटवर इंजिनियरने ते ऐकलं, मुकादमाने ऐकलं. दोघंही म्हणाले, लांबच म्हणालाय, तुमची काही चूक नाही. तेवढ्या एका गोष्टीला धरून तो कसाबसा बसला होता.

"तूच ऐक," त्याने फोन बायकोच्या कानाला लावला. "लांबच आहे ना?" तिच्या तोंडून त्याला फक्त एक हो हवा होता.

तिने एकदाच ऐकलं.

"थांब म्हणतोय तो."

"अगं, स्पष्ट लांब आहे. इंजिनियरसुद्धा..."

"लहानपणी बोबडा होता. शाळेच्या रस्त्यावर माझ्यामागून धावत असंच ओरडायचा. लांब, ताई, लांब." तिने फोन त्याच्या हातात परत ठेवला. "मी थांबायचे."